अकितातला वांग्याचा बैल

जपानाहून परत आल्यापासून निघोज्यात भेटेल तो एकच विचारतो, "सदू, ती मान्सं खात्यात तरी काय रं?" मी सांगतो, भात. की विचारणाऱ्याचं तोंड पडतं. तीन आठवडे बोटीत ओकून ओकून अर्धा झालो, आणि एवढं करून बातमी आणली ती भाताची! त्याला साप, बेडूक असलं काहीतरी ऐकायचं असतं. आता माझा घसा बसला आहे, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. वाचता येतं त्यानं वाचावं, येत नाही त्याला शेजाऱ्यानं वाचून दाखवावं.

मी चिंचवडला इंजिनं आणि पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर आहे. शेती निघोज्यात, इंद्रायणीच्या काठाला. सकाळी सायकल हाणत कारखान्यात जायचं, संध्याकाळी हाणत घरी यायचं. आमच्या मालकांच्या डोक्यात भात सडायच्या लहान गिरण्या काढायचं आलं. मावळात भात पिकतो, आणि सडायचं काम बायकांच्या खांद्यावर. जपानात अशा गिरण्या खेडोपाडी आहेत असं कळल्यावर त्यांनी तिथल्या एका कारखान्याशी पत्रापत्री केली आणि दोन महिन्यांसाठी एक माणूस शिकायला पाठवायचं ठरलं. निवड माझी झाली. मॅट्रिक झालेला, मोडकंतोडकं इंग्रजी येणारा आणि बिनलग्नाचा. म्हणजे बोट बुडाली तर फार कुणाचं अडायला नको.

पण मी नुसता गिरणी शिकायला गेलो नव्हतो.

माझा थोरला भाऊ रखमाजी पलटणीत होता. लढाईत त्याला मलायात पाठवलं. सिंगापूर पडलं आणि त्याची पत्रं बंद झाली. आधी तार आली, बेपत्ता. लढाई संपल्यावर कागद आला, मृत समजावे. आईनं तो कागद मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "समजावं म्हंजे? बघितलंय का कुनी? मी न्हाई समजत जा." विषय संपला. त्याचं सुतक धरलं नाही, दहावा केला नाही, पितरांत पान मांडलं नाही. गंगू वहिनी कुंकू लावत राहिली, वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळत राहिली. गावातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण ओटी भरताना एकमेकींकडं बघून घ्यायच्या. तिनं नवरा पाहिला तो सगळा मिळून चार महिने, आणि वाट पाहिली ती चौदा वर्षं.

निघायच्या आदल्या दिवशी मी गोठ्यात वैरण टाकत होतो. वहिनी तिथं आली.

"भाऊजी, जपान्यांनी धरून नेलेली मान्सं अजून तिकडंच हायेत म्हनत्यात. तुमी इचारून या."

"आन् दादा नसला तर?"

"तर तसं सांगा. हायेत म्हना, न्हाईत म्हना, दोन्ही सोशीन मी. ह्ये मधीच टांगून ऱ्हानं सोसत न्हाई आता."

मी हो म्हणालो. 'नाही' असं उत्तर आणलं तर पुढं काय होणार, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. बायका जमतील, तिचं कपाळ पुसतील, हातातल्या बांगड्या दगडावर फोडतील आणि तिला कोपऱ्यात बसवतील. आईचं सांगणं त्याहून सोपं होतं. ती म्हणाली, "त्याला संगं घिऊनच ये."

साकाई आजीचं घर

अकिता हे जपानच्या उत्तरेकडचं शहर. टोकियोहून आगगाडीनं रात्रभराचा प्रवास. सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर भातखाचरंच भातखाचरं. खाचरात गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका, डोंगराच्या कडेला ढग. मला वाटलं, झोपेत गाडी फिरली आणि कामशेतला आली. फक्त आपल्या खाचरांचे बांध जिथं भांडण झालं तिथं वळतात. यांचे बांध दोरी लावून आखल्यासारखे सरळ. एवढ्या सरळ बांधांवर भांडायचं तरी कशावरून, याची मला काळजी वाटली.

कारखान्यातले फोरमन इतोसाहेब स्टेशनवर घ्यायला आले होते. त्यांना माझ्याइतकंच इंग्रजी येत होतं, त्यामुळं आमचं छान जमलं. राहायची सोय त्यांनी आपल्या मावशीकडं केली होती. साकाई आजी म्हणजे सत्तरीची, चिमणीएवढी बाई. घरात ती आणि तिची विधवा सून फुमी, जी इतोसाहेबांच्याच कारखान्यात पेट्या बांधायचं काम करत होती. आजीनं दारात गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावलं. मी गडबडलो. एवढ्या म्हाताऱ्या बाईनं आपल्या पाया पडायचं म्हणजे पापच! मी घाईघाईनं तिच्या पाया पडायला वाकलो आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. फुमी तोंडावर हात ठेवून हसली. विधवा असून तिच्या अंगात निळ्या फुलांचे कपडे होते, हे मी तेव्हाच पाहिलं आणि चकित झालो.

आत गेलो आणि माझं हसू गेलं. भिंतीशी लाकडी देव्हारा होता, आणि त्यात फौजी टोपी घातलेल्या एका तरुणाचा फोटो. आजीचा मुलगा, केंजी. इतोसाहेब म्हणाले, "बर्मात गेला."

खरं सांगतो, माझं डोकं फिरलं. ज्या टोपीनं माझ्या भावाला धरून नेलं, त्याच टोपीसमोर बसून मी दोन महिने भात खायचा? त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं. आजीनं उकडलेल्या मनुकांसारखं दिसणारं एक आंबट फळ घालून पेज करून दिली आणि मी वाडगा रिकामा करेपर्यंत समोर बसून राहिली. आई बसते तशीच. रागावून बसायचं तर पोट भरलेलं नको, पण माझं भरलं होतं.

जेवणाचं म्हणाल, तर भात उत्तम. आपल्या नव्या तांदळाच्या भातासारखा चिकट, मऊ. मासे चालले, कच्चे मासे चालले नाहीत. चुलीवर धुरात टांगून ठेवलेल्या मुळ्यांचं लोणचं मात्र असं की, वास येतो होळीचा आणि चव लागते झकास. मी घरून ठेच्याची बरणी नेली होती. आजीनं काडीच्या टोकानं चाखला आणि तांब्याभर पाणी प्यायली. फुमीनं चाखला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तिनं वाटी परत पुढं केली. त्या दिवसापासून माझा ठेचा दुप्पट वेगानं संपू लागला.

आंघोळीला सगळी गल्ली सार्वजनिक न्हाणीघरात जाते. आधी बाहेर बसून अंग धुवायचं आणि मग गरम पाण्याच्या हौदात शिरायचं, हे इतोसाहेबांनी नीट समजावलं होतं. तेवढं मी पाळलं. पण आंघोळ म्हटली की धोतरबंडी धुतली पाहिजे, ही आपली सवय. मी फरशीवर धोतर टाकलं आणि इंद्रायणीवर आपटतो तसं आपटायला लागलो. दहा-बारा नागडे जपानी हौदात गळ्यापर्यंत बसून माझ्याकडं बघत होते. शेवटी एक म्हातारा बाहेर आला, वाकून नमस्कार केला, धोतराचं दुसरं टोक धरलं आणि माझ्याबरोबर पिळू लागला. रागावला असेल तर देव जाणे. पीळ मात्र त्यानं चांगला दिला.

काम आणि काठ्या

कारखान्यात पहिला आठवडा त्यांनी माझ्या हातात झाडू दिला. मी भडकलो. सात समुद्र ओलांडून मी केर काढायला आलो काय? इतोसाहेबांना तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माझ्या आधी येऊन ते स्वतः झाडत होते. मग कळलं, झाडताना यंत्राखाली काय पडलंय ते दिसतं. तुकडा तांदूळ जास्त पडला असेल तर साळीचं टरफल काढणारे रबरी रूळ फार जवळ आलेत, साळी जास्त पडल्या असतील तर लांब गेलेत. फिटरनं आधी केर वाचायला शिकायचं! आमच्या चिंचवडात केर झाडतो तो एक आणि यंत्र बघतो तो दुसरा, आणि दोघांची कधी बोलाचाली नाही. ही गोष्ट मी आल्या आल्या मालकांना सांगितली. ते हसले. पण मी आता झाडतो.

रविवारी इतोसाहेब मला जुन्या किल्ल्याच्या बागेत घेऊन गेले. किल्ला म्हणजे आता नुसत्या मातीच्या तटबंद्या आणि झाडी, पण खंदकात पाणी दिसू नये एवढी कमळं फुललेली. आपल्या चाकणच्या भुईकोटाला पण खंदक आहे, त्यात मात्र आम्ही म्हशी सोडतो. तटावर बसून आम्ही भाताचे गोळे खाल्ले. तिथंच मी त्यांना दादाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी हातातला गोळा परत कागदात गुंडाळला. मग म्हणाले, "उद्या सरकारी कचेरीत जाऊ." त्यांच्या ओळखीच्या कारकुनानं दादाचं नाव, पलटण, गाव सगळं लिहून घेतलं आणि टोकियोला पत्र पाठवलं. मी दर दोन दिवसांनी जाऊन विचारायचो. तो दर वेळी चहा द्यायचा.

तेवढ्यात ऑगस्ट उजाडला आणि शहराला जत्रा चढली. या जत्रेला 'कान्तो' म्हणतात. एका उंच बांबूला आडवे बांबू बांधायचे आणि त्यांना चाळिसाच्या वर कागदी कंदील लटकवायचे, प्रत्येकात जळती मेणबत्ती. पीक चांगलं यावं म्हणून देवाला मागणं. सगळे कंदील पेटले की लोंबीनं वाकलेलं भाताचं रोप उभं केल्यासारखं दिसतं. दिवस मावळल्यावर मोठ्या रस्त्यावर शे-दोनशे काठ्या एकदम उभ्या राहतात, ढोल आणि बासऱ्या सुरू होतात, आणि गडी ती काठी तळहातावर तोलतो, तिथून खांद्यावर, कपाळावर, मग कंबरेवर घेऊन दोन्ही हात सोडून देतो! भोवतीचे लोक "दोक्कोइशो, दोक्कोइशो" ओरडतात.

आमच्या गावच्या जत्रेत देवाची काठी मीही नाचवली आहे. पण आमच्या काठीला चार बाजूंनी चार दोर असतात आणि ते धरायला चार दांडगे गडी. इथं दोर नाही. एक काठी झुकली, झुकली आणि लोकांवर आली. मी नसलेला दोर धरायला धावलो. देवाची काठी भुईला टेकली म्हणजे आमच्याकडं सबंध गाव वर्षभर पावसाकडं बघत बसतं. इथं काठी पडली, कंदील विझले, लोक हसले, मेणबत्त्या पुन्हा पेटवल्या, काठी पुन्हा उभी. मी इतोसाहेबांना विचारलं, "अपशकुन नाही होत?" ते म्हणाले, "उभी केली ना परत?"

दगड

जत्रेनंतर चार-पाच दिवसांनी टोकियोचं उत्तर आलं. कारकुनानं मला बसवलं, चहा ठेवला, आणि इतोसाहेबांनी एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. लढाई संपल्यावर सगळे कैदी ज्याच्या त्याच्या सरकारच्या हवाली केले. जपानात एकही हिंदी कैदी उरलेला नाही. रखमाजी नावाच्या शिपायाची नोंद कुठंच सापडत नाही.

"मग गेला कुठं?" मी ओरडलो. मराठीतच ओरडलो, पण त्यांना कळलं. "तुम्ही धरलात त्याला! माणूस होता तो, सुई नव्हती हरवायला!"

कारकून उभा राहिला आणि कंबरेत वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला. त्याच्या वाकण्यानं माझा भाऊ उभा राहणार होता का? मी चहाला हात न लावता बाहेर पडलो. तो माणूस माझ्यासाठी तीन आठवडे कागद लिहीत होता. तो चहा मी प्यायला हवा होता, असं आता वाटतं.

इतोसाहेबांनी घरी सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं मला देव्हाऱ्यापाशी बसवलं आणि खालच्या खणातून पांढऱ्या कापडात बांधलेली एक लाकडी पेटी काढली. फौजेनं ती लढाईनंतर घरी पाठवली होती, मुलाच्या नावाची. आजीनं ती माझ्या हातात दिली. आत काहीतरी खडखडलं. तिनं झाकण उघडलं. आत एक दगड होता. साधा, नदीतला, लिंबाएवढा.

आजी हळूहळू बोलली आणि फुमीनं खुणांनी समजावलं. हाडं मिळाली नाहीत, म्हणून दगड. आजी रडली, ओरडली, पेटी परत नेऊन द्यायला निघाली होती. मग फुमीनं तो दगड धुतला आणि त्याच्यापुढं भात वाढला. कशापुढं तरी वाढायला हवंच ना.

त्या टोपीचा राग माझ्या मनातून नेमका कधी गेला ते मला सांगता येणार नाही, पण त्या दगडावर हात ठेवला तेव्हा तो नव्हता.

बैल

ऑगस्टच्या मध्यावर त्यांचा पितरांचा सण येतो, बोन. आपला पितृपंधरवडाच, पण सुतकी तोंडानं करत नाहीत. पहिल्या दिवशी दारात काटक्यांची आगटी पेटवली, वाट दिसावी म्हणून. देव्हाऱ्यापुढं कमळाच्या पानावर भाज्या, फळं, भात. आणि शेजारी दोन जनावरं: काकडीला चार काड्यांचे पाय लावून केलेला घोडा आणि वांग्याला चार काड्या टोचून केलेला बैल. लहान पोरांचा खेळ असेल म्हणून मी काही विचारलं नाही. तीन दिवस पाहुणे येत होते, गल्लीत बायाबापड्या फेर धरून नाचत होत्या, मलाही एकदा ओढलं. घोड्याचं आणि बैलाचं तोंड घराच्या आत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर बैलाचं तोंड दाराकडं. मी दचकलो. आमच्याकडं बैलपोळ्याला मातीचे बैल मांडतात ते देवाकडं तोंड करून. दाराकडं तोंड केलेला बैल म्हणजे घरातली लक्ष्मी बाहेर चालली. कुणाचा तरी धक्का लागला असेल असं समजून मी बैल उचलला, आत तोंड करून नीट ठेवला. आणि हातासरशी पुडीतला खंडोबाचा भंडारा काढून त्याच्या जांभळ्या कपाळाला लावला. बैल मोठा रुबाबदार दिसला. घराचं भलं केलं, या समाधानात मी दात घासायला गेलो.

परत आलो तर फुमी देव्हाऱ्यासमोर उभी, तोंडावर हात. हसायला नव्हे. आजी तिच्या मागं. सणाच्या भेटीला आलेले इतोसाहेब दारात बूट काढत होते.

"बैल कुणी फिरवला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, मी. का फिरवला तेही सांगितलं. इतोसाहेब समजावू लागले. घोडा पितरांना आणायला असतो, लवकर यावेत म्हणून. बैल त्यांना परत न्यायला, कारण बैल सावकाश चालतो; तेवढेच ते आणखी थोडा वेळ आपल्याजवळ. आज जायचा दिवस. म्हणून तोंड बाहेर.

मी मेलेल्या माणसाला त्याच्या गाडीवरून खाली ओढून घरात बसवलं होतं.

आजी पुढं आली. त्या पिवळ्या कपाळाच्या बैलाकडं बघून आधी हसली, आणि हसता हसता रडू लागली. इतोसाहेब सांगत होते, "ती म्हणते, दर वर्षी या दिवशी हा बैल फिरवावा असं तिला वाटतं. अकरा वर्षं वाटतंय. धीर होत नाही. या परक्या मुलानं फिरवला. राहू दे असाच, म्हणते."

मग फुमी बोलली. दोन महिन्यांत ती सासूपुढं इतकं बोललेली मी पाहिली नव्हती. आवाज मऊच होता, पण इतोसाहेबांनी मान खाली घालून ते मला सांगितलं: "आई, त्यांना जाऊ द्या. गेले नाहीत तर पुढच्या वर्षी येणार कसे?"

आमच्या घरात कुणी दादाला जा म्हणालंच नव्हतं. जा म्हणालं नाही, म्हणून ये तरी कोण म्हणणार? चौदा पितृपंधरवडे झाले. आजोबांना पान, पणजोबांना पान, माझ्या भावाला नाही. आई त्याला जिवंत समजून वाट बघत होती आणि तो आमच्या दाराबाहेर उपाशी उभा होता. मला रडू आवरलं नाही. फुमीनं मला पाणी आणून दिलं.

आजीनं डोळे पुसले आणि बोटानं मला खूण केली: तूच फिरव. मी बैल दाराकडं केला. भंडारा पुसू का विचारलं, तर ती नको म्हणाली.

संध्याकाळी सगळी गल्ली कागदी दिवे घेऊन नदीवर गेली. आजीनं केंजीच्या नावाचा दिवा पाण्यात सोडला. इतोसाहेबांनी माझ्यापुढं एक कोरा दिवा धरला, दादाचं नाव लिही म्हणाले. मी हात जोडून नको म्हणालो. त्यांना वाईट वाटलं असेल. पण त्याला वाढायचा मान त्याच्या आईचा होता, मी तो परस्पर वाटेत उरकून येणार नव्हतो.

परत

भाद्रपदात घरी पोचलो. आईनं माझ्या पाठीमागं, रस्त्याकडं पाहिलं. मग भाकरतुकडा ओवाळला.

चुलीपुढं बसून मी दोघींना सगळं सांगितलं. कचेरी, पत्र, नोंद नाही ते. आई शेंगा फोडत होती, ती फोडतच राहिली.

"त्या कारकुनाला काय ठावं?" ती म्हणाली.

मग मी साकाई आजीचं सांगितलं. पेटीचं सांगितलं. आईचे हात थांबले.

"दगुड निघाला?"

"व्हय."

"आन् तिनं त्याच्याम्होरं वाढलं?"

"सुनेनं धुतला, मग वाढलं. दर साली वाढत्यात आन् दर साली जा म्हनत्यात. गेल्याबिगर येनार कसा, म्हनत्यात."

वहिनी चुलीतल्या जाळाकडं बघत होती. म्हणाली, "आत्याबाई, चौदा वर्सं मी त्यांचं कुंकू लावलं. जेवायला न्हाई घातलं."

आई उठली आणि आत जाऊन पडली. तीन दिवस कुणाशी बोलली नाही. वहिनी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायची आणि कामाला लागायची. चौथ्या दिवशी सकाळी आई बाहेर आली, म्हणाली, "गुरुजींना बोलीव."

इंद्रायणीच्या काठावर विधी झाला. गुरुजींनी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून दिला, मी त्याला अग्नी दिला. पुढचं सगळं करून पिंड मांडला आणि आम्ही लांब जाऊन बसलो. घाटाच्या वरच्या अंगाला गावातल्या चार थोरल्या बायका येऊन थांबल्या होत्या. त्या कशाला आल्या होत्या ते सगळ्यांना माहीत होतं. वहिनी आईच्या शेजारी, हात पदरात घेऊन बसली होती.

कावळे बाभळीवर बसले होते, खाली उतरेनात. आपल्याकडं मेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून मोठ्यानं वचन द्यायचं असतं. मी ओरडलो, "दादा, शेती मी बघीन!" कावळा हलला नाही. चुलते ओरडले, "सदूचं लगीन करू रं!" एक कावळा उडाला तो पलीकडच्या काठाला गेला. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले.

आई उठली. पिंडाच्या दिशेनं चार पावलं गेली आणि वरच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रखमा! तुज्या बायकोच्या अंगाला कुनी हात लावनार न्हाई. कुंकू न्हाई, बांगडी न्हाई, काय न्हाई. ती हाय तशी माज्या घरात ऱ्हाईल. मी जित्ती हाय तवर कोन येतंय ते बघते. आता जेव, लेकरा. जेव आन् जा."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. त्याला भूक लागली असेल, असं आमच्या कारखान्यातला एक शहाणा म्हणाला. असेल. मला त्याच्याशी वाद घालायचा नाही.

वरच्या चार जणी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांतली सगळ्यांत म्हातारी खाली उतरली, वहिनीपाशी आली, आणि तिच्या दंडाला धरून तिला उठवत म्हणाली, "चल गं पोरी, घरला. सैपाक ऱ्हायलाय."